चुकवलेले शुल्क, पकडलेले हात

परदेशातून परतणाऱ्या प्रवाशासमोर विमानतळावर दोन वाटा असतात. ज्याच्याजवळ शुल्कपात्र काही नाही त्याने हिरव्या वाटेने जावे; ज्याच्याजवळ आहे त्याने तांबड्या वाटेने जाऊन ते जाहीर करावे, असा नियम आहे. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप विनाशुल्क आणता येतो. दुसरा आणला तर तो जाहीर करावा लागतो, आणि सुशिक्षितांची कसोटी येथेच लागते. खोके फेकून द्यायचे, नवे यंत्र वापरातले भासवायचे, नाहीतर सोबत्याच्या पिशवीत सरकवायचे आणि हिरव्या वाटेने बाहेर पडायचे, ही युक्ती मध्यमवर्गात चातुर्य म्हणून सांगितली जाते. तिला कोणी तस्करी म्हणत नाही. तस्कर म्हणजे दुसरा कोणीतरी, ही समजूत फार सोयीची आहे.

2020 च्या ऑगस्टमध्ये असे ‘दुसरे कोणीतरी’ नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर पकडले गेले आणि त्यांचे पत्ते सांगली जिल्ह्यातले निघाले. दिब्रुगडहून आलेल्या राजधानी एक्स्प्रेसमधील आठ प्रवाशांजवळ महसूल गुप्तचर संचालनालयाला 83 किलोहून अधिक सोने सापडले. एकूण लगडी 504. हे सोने म्यानमारमधून मणिपूरच्या सीमेवरून शुल्क चुकवून आणले, असा आरोप होता. प्रकरण राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेले आणि दहशतवादविरोधी कायद्याची कलमे लागली. 2022 मध्ये जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले, की केवळ सोन्याची तस्करी हे दहशतवादी कृत्य ठरत नाही. आरोप म्हणजे अपराधसिद्धी नव्हे, हेही येथे विसरता कामा नये. पण एक प्रश्न उरतोच. मणिपूरची सीमा कोठे आणि खानापूर-आटपाडीचा माळ कोठे? हा धागा जुळला कसा?

त्याचे उत्तर दुष्काळात आहे. सातारा आणि सांगली 1949 पर्यंत एकच जिल्हा होता. त्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा धुवाधार पाऊस आणि कृष्णाकाठचा ऊस. पूर्वेला माण, खटाव, खानापूर, आटपाडी हा पर्जन्यछायेतला उजाड टापू. या टापूतल्या तरुणांनी गलाईचा, म्हणजे जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा हाती घेतला. विटे आणि परिसरातील खेड्यांतून निघालेला हा कारागीर केरळ, तमिळनाडू, दिल्ली, कोलकाता असा देशभर पसरला. सराफ बाजाराच्या बोळात एक खोली, एक भट्टी, एक मूस आणि आम्लाची वाफ, एवढ्या भांडवलावर त्याने गावाकडची घरे उभी केली. टेंभूचे पाणी शिवारात पोचेपर्यंत या भागाच्या पिढ्या परमुलखात खपल्या. सोन्याच्या विश्वासाचे काम त्यांनी सचोटीने केले, म्हणूनच ते तेथे टिकले.

परंतु चोरट्या सोन्यालाही मूस लागते. परदेशी शिक्का असलेली लगड बाजारात उघड विकता येत नाही. ती आटवली की शिक्का जातो आणि सोने निनावी होते. तेव्हा तस्करीच्या साखळीला ने-आण करणारा विश्वासू माणूस हवा असतो आणि आटवणाराही. दोघेही गरजू असतील तर स्वस्तात मिळतात. माल ज्याचा असतो तो या साखळीत कोठेच दिसत नाही.

या साखळीला चालना कोण देते? त्यासाठी साधा हिशेब पुरे. जानेवारी 2012 पर्यंत सोन्यावरील आयात शुल्क 10 ग्रॅमला 300 रुपये, म्हणजे किलोमागे 30 हजार होते. मग ते किमतीच्या टक्केवारीवर गेले. परकीय व्यवहारातील तूट वाढली तसे 2013 च्या ऑगस्टपर्यंत ते 10 टक्क्यांवर नेण्यात आले. जुलै 2022 मध्ये 15 टक्क्यांवर. किलोचा भाव 50 लाख धरला तर चुकवलेल्या शुल्काचा लाभ साडेसात लाख. जुलै 2024 मध्ये दर 6 टक्क्यांवर आला तेव्हा तस्करीचा कणा मोडला, असे वाटले. पण 2025 मध्ये भाव किलोला कोटीच्या पुढे गेला आणि 6 टक्क्यांतही सहा लाखांचे आमिष पुन्हा उभे राहिले. मोह दराने ठरत नाही. दर आणि भाव यांच्या गुणाकाराने ठरतो.

केवळ बंदी आणि धाक यांनी काय होते, हेही देशाने पाहिले आहे. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने 14 कॅरटहून शुद्ध दागिने घडवण्यास मनाई केली. त्यात तस्कर गबर झाले आणि सोनार देशोधडीला लागले. कित्येकांनी आत्महत्या केल्या. अखेर 1990 मध्ये मधु दंडवते अर्थमंत्री असताना तो कायदा रद्द झाला. एक समाजवादी अर्थमंत्री सोन्यावरचे नियंत्रण उठवतो यात विसंगती नव्हती. जे नियंत्रण श्रीमंताच्या तिजोरीपर्यंत पोचत नाही आणि कारागिराची ऐरण मात्र बंद पाडते, त्याला समाजवाद म्हणत नाहीत.

याचा अर्थ शुल्क चुकवणे क्षम्य आहे असा मुळीच नाही. याच जिल्ह्यात 1930 मध्ये बिळाशीच्या लोकांनी जंगलाचा जाचक कायदा मोडला. तो दिवसाढवळ्या मोडला, झेंडा उभारून मोडला आणि शिक्षा भोगली. अन्याय्य कायदा उघडपणे नाकारणे हा सत्याग्रह. न्याय्य कर लपून चुकवणे ही चोरी. मग ती लॅपटॉपची असो वा लगडीची. फरक एवढाच, की एकाची चोरी हौसेची असते आणि दुसऱ्याची पोटासाठी. पकडला गेल्यावर एक दंड भरून घरी जातो आणि दुसऱ्याची वर्षे तुरुंगात जातात.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सोन्यावरील शुल्क माफक आणि स्थिर असावे. भाव उसळला तर दराचा फेरविचार व्हावा. तपास वाहकापाशी थांबता कामा नये, तो पैसा पुरवणाऱ्यापर्यंत गेला पाहिजे. सीमाशुल्क कायद्याच्या 123 व्या कलमाने सोने चोरटे नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याजवळ ते सापडले त्याच्यावर टाकला आहे. मजुरीवर परक्याचे सोने आटवणाऱ्या गलाईवाल्याला तो कसा पेलावा? त्याला नोंदणी, ओळखपत्र आणि प्रत्येक आटणीची पावती मिळाली, तर प्रामाणिक कारागिराचे रक्षण होईल आणि अप्रामाणिकाला आडोसा उरणार नाही. टेंभूचे पाणी शेवटच्या शिवारापर्यंत समन्यायाने पोचवणे हाही तस्करीविरोधी उपायच आहे.

आणि हिरव्या वाटेने निघालेल्या सुशिक्षिताने क्षणभर थांबावे. माणदेशच्या पोराला तस्कर म्हणण्यापूर्वी स्वतःची पिशवी एकदा उघडून पाहावी.