तुटलंय कुठे?

सेवा केंद्राच्या काउंटरवर 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द आता सातबाऱ्याइतकेच रुळले आहेत. जालना जिल्ह्यातलं अंबड असो, मंठा असो की जाफराबाद. ओटीपी आला नाही, अंगठा लागला नाही, पान उघडलं नाही, पैसे कापले गेले पण पावती निघाली नाही, तर या सगळ्याला उत्तर एकच. पूर्वी कचेरीत 'साहेब दौऱ्यावर आहेत' असं ऐकू यायचं, त्या जागी हे आलं. पण दौऱ्यावर गेलेले साहेब कधी परतणार, हे निदान शिपायाला ठाऊक असायचं.

काच, वीज आणि यंत्रं यांच्यावर उभी असलेली व्यवस्था अधूनमधून बंद पडणारच. त्याबद्दल त्रागा करण्यात अर्थ नाही. काळजीची गोष्ट वेगळी आहे. नेमकं काय बंद पडलं, हे विचारायची सवयच आपल्याला लागलेली नाही, आणि दुसरीकडे रेशनपासून पीक विम्यापर्यंत सगळं याच तारेवर टांगून आपण मोकळे झालो आहोत.

परतूर तालुक्यातल्या एखाद्या गावातून भरलेला अर्ज कसा जातो ते पाहा. केंद्रातल्या राउटरमधून भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात, तिथून खांबावरच्या तारेत, मग तालुक्याच्या एक्स्चेंजला, पुढे जालना, छत्रपती संभाजीनगर, मुंबई असं करत तो कुठल्याशा डेटा सेंटरमधल्या पोर्टलवर पोचतो. यातला कुठलाही टप्पा निखळू शकतो, आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. डब्यावरचा 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, म्हणजे तार कुठेतरी तुटली, वाकली किंवा खांबावरून सुटली. दिवा हिरवा असून काहीच उघडत नसेल तर बिघाड पुढच्या उपकरणांत. दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवरून तेच पोर्टल उघडलं तर पोर्टल निर्दोष, दोष आपल्या लाइनचा. दोन्हीकडून यूट्यूब चालतं आणि पोर्टल तेवढं रुसलेलं, तरच 'सर्व्हर' हा शब्द शोभतो. आणि पोर्टल उघडलं पण ओटीपी येईना, तर पाहायची ती संदेशांची वाट, कारण ती वाटच निराळी आहे.

हे पाच मिनिटांचं काम आहे. ते होत नाही, कारण 'सर्व्हर' हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा. सर्व्हर लांब असतो, कुणाच्याच अंगावर येत नाही. त्यावर केंद्रचालकाची सुटका होते, लाइनमनची होते, कंपनीचीही होते. लाइनमनला 'नेट बंद आहे' एवढंच कळवणं म्हणजे डॉक्टरला 'बरं वाटत नाही' एवढंच सांगणं. माझ्या घरची लाइन एकदा चार दिवस बंद होती. त्या चार दिवसांत 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा संदेश मला दोनदा आला. तक्रार बंद करणं आणि लाइन चालू करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या संगणकाला कुणी शिकवलेलं नसावं.

गावाकडे बिघाडाचं सर्वांत परिचित कारण म्हणजे जेसीबी. रस्ता रुंद करा, जलवाहिनी टाका, गटार काढा, चर खणला की खाली कुणाची ना कुणाची केबल असतेच. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. खणण्याआधी त्यावर कळवायचं, म्हणजे जमिनीखाली कुणाच्या मालमत्ता आहेत ते समजतं. त्या वेळी सरकारनेच दिलेला अंदाज होता, की देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि त्यात जवळपास ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं. ॲप चांगलंच आहे. मात्र शेताच्या बांधावर सकाळी सातला यंत्र उतरवणारा पोटकंत्राटदार आधी फोनवर अर्ज भरेल, असं मानायला बराच भाबडेपणा लागतो.

तुटलेली जागा शोधायला ओटीडीआर नावाचं उपकरण असतं. ते फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तूट किती मीटरवर आहे ते सांगतं. पण ते मीटर केबलचे असतात, रस्त्याचे नसतात. दुरुस्तीसाठी म्हणून चेंबरमध्ये केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात. कुठे किती वेटोळी आहेत याचा नकाशा अद्ययावत नसेल, तर यंत्र बिनचूक आकडा सांगतं आणि माणसं भलत्याच शेतात खणत बसतात. मग केसाएवढे काचेचे तंतू एकेक करून जोडायचे. नकाशा नीट असेल तर काही तासांत होणारं काम एरवी दिवसावर जातं. म्हणून नेटवर्क चालवणाऱ्याची खरी दौलत त्याच्या नोंदवहीत असते, आणि नेमकी तीच हयगयीने ठेवली जाते.

दुसरं दुखणं आखणीचं. केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेच्या पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर सरळ रेषेत टाकली गेली. एकच वाट, फांदीसारखी. मध्ये कुठेही तुटली की पुढची गावं गेली. ४ ऑगस्ट २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. त्यात रेषेऐवजी कडं आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी प्रवाह दुसऱ्या बाजूने वळतो. जुनी आखणी तोकडी होती याची ही सरकारी कबुलीच. पण कडं नकाशावर काढणं सोपं. दोन्ही बाजूंच्या केबल एकाच पुलावरून किंवा एकाच चरातून गेल्या, तर कागदावर ते कडं आणि जमिनीवर पुन्हा रेषाच. कार्यालयं दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेऊन निर्धास्त होतात, तिथेही हीच गफलत होऊ शकते. दोन लाइनी आहेत का, यापेक्षा त्या कोणत्या वाटेने येतात हे आधी विचारावं.

मोठ्यांचंही यात हसं झालं आहे. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स या कंपनीचं नेटवर्क कोसळलं. मुख्य जाळ्यात सुधारणा करताना एका राउटरवरची गाळणी काढली गेली. त्यामुळे मार्गांच्या माहितीचा लोंढा आत शिरला आणि मुख्य राउटर त्याखाली गुदमरले. १ कोटी २० लाखांवर ग्राहकांची सेवा गेली. डेबिट कार्डं चालेनात, अनेकांना आपत्कालीन ९११ क्रमांक लागेना. यातली शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. बिघाड दुरुस्त करण्यासाठी अभियंत्यांनी ज्या वाटेने राउटरपर्यंत पोचायचं, तीच वाट त्या मेलेल्या जाळ्यातून जात होती. त्यांचे फोनही त्याच कंपनीचे. कारण हाती लागायलाच सुमारे १४ तास गेले. विहिरीत पडलेला दोर काढायला विहिरीतच उतरायचं, तेही त्याच दोराने, अशी ती गत. आपल्याकडे तालुक्याचं नेट गेल्यावर तक्रार नोंदवायला ॲप उघडा असं सांगतात, ते याच जातीचं शहाणपण.

बंद पडण्याचा आणखी एक प्रकार जालन्याला चांगला ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत इंटरनेट सेवा आदेशाने थांबवली गेली. अशा आदेशाची गरज होती की नाही, हा वेगळा वाद. मला इथे एवढंच दाखवायचं आहे, की माणसाच्या हातातल्या फोनवर जेसीबीने तुटलेली केबल आणि सरकारने थांबवलेली सेवा दोन्ही सारख्याच दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यात असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असं बजावलं, ते बरं झालं. तरी नेटच बंद असलेल्या घनसावंगीच्या माणसाने संकेतस्थळावरचा आदेश वाचायचा कसा? तो अर्थात पुन्हा 'सर्व्हर डाऊन'च समजणार.

भरपाईच्या नियमातही तीच मेख आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद राहिली, तर कंपनीने पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव मुदत द्यायची आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण मोजपट्टी जिल्ह्याची. भोकरदन तालुक्यातली चार गावं तीन दिवस मुकी राहिली, तर ती या मोजपट्टीवर दिसणार कशी? त्यासाठी गावपातळीवरची नोंद हवी. कधी गेलं, दिवा कोणता होता, दुसऱ्या कंपनीचं चालू होतं का, कधी आलं. एका साध्या वहीचं काम आहे हे, आणि ग्रामपंचायतीने ठरवलं तर तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा केंद्रांवर रांगा लागल्या आणि पोर्टल धापा टाकू लागलं. ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पोर्टल सगळ्यांसाठीच मंद होतं, म्हणून मुदत सगळ्यांनाच वाढली. पण ज्या गावाची केबल ३१ जुलैलाच तुटते आणि पोर्टल मात्र ठणठणीत असतं, त्या गावाने मुदतवाढ मागायची कुठल्या पुराव्यावर? त्या दिवशीही केंद्रचालक रांगेला सांगतो, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.