निरीक्षणे खुली आहेत, वापरणार कोण?

शर्मिष्ठा तारकासमूहात १५७२ साली उजळलेल्या ताऱ्याची नोंद खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेने केली. स्फोटात उधळलेला त्याचा वायू साडेचारशे वर्षांनंतरही पसरतोच आहे. कोटीभर अंशांच्या घरात तापलेला हा वायू क्ष-किरणांत झळकतो आणि ते किरण आपले वातावरण खाली येऊ देत नाही. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या आरशांची अशी दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट या उपग्रहाबरोबर गेली. टायकोच्या ताऱ्याचे अवशेषही तिने टिपले. तापलेले प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे किरण सोडते: सिलिकॉन १.८६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, गंधक २.४५ च्या. या रेषांवरून ताऱ्याने मागे काय ठेवले ते कळते. ऊसतोडीच्या कोयत्यातले लोखंडही मुख्यतः अशाच स्फोटांतून आलेले.

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात हा विषय काढला, तर कुणीही विचारील: दुष्काळी भागाला याचा काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. विज्ञानाच्या भक्तांनी त्यावर नाक मुरडू नये. पण उपग्रहाचा खर्च कधीच होऊन गेला, आणि त्याची संग्रहित निरीक्षणे सप्टेंबर २०१८ पासून सर्वांना खुली आहेत. ती न वापरल्याने एकाही विंधनविहिरीला पाणी लागणार नाही. उलट, ज्या जिल्ह्यातली पोरे ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागतात, तिथे खऱ्या आकड्यांवर काम करण्याची फुकटची संधी सोडणे हाच अपव्यय.

हे काम ग्रामीण महाविद्यालयाला झेपेल का, ही शंका अधिक वजनदार. नवा शोध लावायचा तर उपकरणाचे बारकावे समजायलाच वर्षे जातात, हे खरे. मात्र आलेख काढून सिलिकॉनची रेषा ओळखण्यापुरते भौतिकशास्त्र बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याकडे असते. त्यासाठीच्या संगणकप्रणाली विनामूल्य मिळतात, आणि ही निरीक्षणे वापरणाऱ्यांच्या मदतीसाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात कक्ष स्थापन झालेला आहे. अडते ते शिकवणाऱ्यापाशी आणि मराठीतल्या मार्गदर्शिकेपाशी. मराठवाडा विद्यापीठाने तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पांत हा विषय घ्यावा आणि बीडच्या प्राध्यापकांना प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवावे. त्याला नवी इमारत लागत नाही.