परिचारिकेचा प्रश्न

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथे कोणास हृदयविकाराचा झटका आला, तर नातलग त्याला घेऊन खामगाव वा अकोला गाठतात. अतिदक्षता विभागात पोहोचलो, आता डॉक्टर पाहून घेतील, असा त्यांचा भरवसा असतो. परंतु डॉक्टरांनी लिहिलेले औषध रुग्णाच्या शिरेत सोडते ती परिचारिका, याचा आम्हां सर्वांस विसर पडतो.

या औषधांत तारक आणि मारक यांतील अंतर फार थोडे असते. डिगॉक्सिनपूर्वी नाडी मोजावी लागते. प्रौढाची नाडी मिनिटास ६० च्या खाली असल्यास मात्रा थांबवून डॉक्टरांस विचारावे लागते. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत सोडल्यास हृदय बंद पडू शकते. नॉरॲड्रेनालिनचा हिशेब मायक्रोग्रॅमचा. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट!

औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणा, असे आवाहन जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये केले होते. ते केवळ पाठांतराने साधणारे नाही. ‘ही मात्रा बरोबर आहे ना?’ असे विचारणारी परिचारिका जेथे उद्धट ठरते आणि चूक स्वतःहून सांगणारीस जेथे नोटीस मिळते, तेथे पुढची चूक लपविली जाणारच.

धोक्याच्या औषधांची दोघींनी पडताळणी, ज्ञानाची नियमित उजळणी आणि चूक सांगणारीस अभय, एवढे तरी शासनाने प्रत्येक रुग्णालयास बंधनकारक करावे, अशी आमची मागणी आहे. परिचारिकेस प्रश्न विचारण्याची मुभा नसेल, तर त्याची किंमत रुग्णास मोजावी लागेल.