पहणी म्हणजे पाहणी

आमच्या कंग्राळ्या दोन. एक बुद्रुक, एक खुर्द, बोलण्यात बी.के. आणि के.एच. महसुलाच्या दृष्टीने दोन्ही गावे स्वतंत्र, सर्व्हे नंबरही ज्याचे त्याचे. तरीसुद्धा इसारपावतीवर नुसते 'मौजे कंग्राळी' घालून आयुष्याची पुंजी देणारी माणसे मी पाहिली आहेत. कुठली कंग्राळी, असे विचारले की उत्तर ठरलेले : "सगळ्यांस्नी ठाऊक हाय की ओ!"

हे 'ठाऊक हाय' फार महागात पडते.

जमिनीच्या ज्या कागदाला आपण मराठी घरांत अजून उतारा म्हणतो, त्याचे सरकारी नाव आर.टी.सी. आणि कन्नडातले नाव पहणी. ऐकताक्षणी ओळखीचा वाटतो ना शब्द? आपली पाहणीच ती. जाऊन, डोळ्यांनी बघून लिहिलेले. आणि आपण मात्र तो न बघताच व्यवहार करतो!

पूर्वी बघणे खरोखर अवघड होते. कागद तलाठ्याच्या दप्तरात, तलाठी गावाला. २००० सालाच्या सुमारास कर्नाटकाने 'भूमी' योजनेत सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर घेतले. तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत छापील पहणी मिळू लागली, हाताने लिहिलेली चालेनाशी झाली. आता तर घरबसल्या मोबाइलवर दिसते. अडचण उरली ती एकच. कागद कन्नडात, आणि आपल्याकडे ज्यांच्या हाती पैसा ते बहुधा मराठी शाळेत शिकलेले.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचे तसेच. यजमान उद्यमबागेत फाउंड्रीत राबले, निवृत्त झाले, ग्रॅच्युइटीतून प्लॉट घ्यायचे ठरले. विकणारा ओळखीचा, "आपला माणूस." पहणी आली, ती देवापुढे ठेवून हळदकुंकूही लागले, वाचली मात्र कोणी नाही. कन्नड शाळेत जाणारी नात सुट्टीत घरी होती. मी तिलाच म्हटले, "बाळ, नवव्या रकान्यात काय आहे ते वाच बघू." तिथे मालकांची नावे असतात. तिने तीन नावे वाचली आणि पुढे 'जंटी' असा शब्द. "जंटी म्हणजे सामाईक, आज्जी." अकराव्या रकान्यात हक्क आणि ऋण, म्हणजे कर्जबोजा. तो कोरा निघाला. (त्या रकान्यात 'साल' दिसले तर मराठीतले वर्ष समजू नका हं. कन्नडात साल म्हणजे कर्ज!)

तीन नावांपैकी एक विकणाऱ्याचे. उरलेली दोन त्याच्या बहिणींची. एक चंदगडला दिलेली, दुसरी गोकाकला कन्नड घरात. तो सहज म्हणाला, "त्यांची लग्नं होऊन वीस वर्षं झाली. त्यांचा काय संबंध?"

संबंध आहे. कर्नाटकाने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा १९९४ मध्येच दिला होता, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले, की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माचा आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर ती मोडत नाही. पण 'तोंडी वाटणी झाली होती' एवढे सांगून सहसा भागत नाही. सासर चंदगडला असो की गोकाकला, कायदा एकच. वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीचे वेगळे, तिचे ते मृत्युपत्र करू शकतात.

आणि पहणीत नाव नाही म्हणून हक्क नाही, असेही नव्हे. ही नोंद महसुलासाठी असते. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. म्हणून सोबत वारसाची माहिती हवी, सब-रजिस्ट्रारकडचा बोजा दाखला हवा, बिगरशेतीचा आदेश हवा आणि 'बुडा'ने मंजूर केलेला नकाशा हवा. कंटाळवाणे आहे खरे. पण साडीचा पोत चार दुकानांत चोळून बघणाऱ्या आपण बायका, प्लॉटच्या बाबतीतच एवढ्या भोळ्या का होतो कोण जाणे!

नकाशाचेही तेच. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. तीस-चाळीसचा प्लॉट १,२०० चौरस फूट, गुंठ्याहून मोठा. एकरात ४३,५६० चौरस फूट. भागून बघा, छत्तीस प्लॉट बसतात आणि रस्त्याला जागाच उरत नाही. कोणी एकरात छत्तीस प्लॉट दाखवत असेल, तर घरी जायचे कुठून, हे त्यालाच विचारावे.

काकूंनी इसार द्यायचे थांबवले. दोघी बहिणींना निरोप गेले. गोकाकची आली नाही, फोनवर "नोडोण" म्हणाली, म्हणजे बघू. चंदगडची मात्र एस.टी.ने आली, चहा घेतला, पहणी भाचीकडून वाचून घेतली आणि भावाला शांतपणे विचारले, "मग माझा वाटा किती रे?"

भाऊ अजून उत्तर शोधतो आहे. काकूंचे पैसे बँकेत आहेत.