टॅगचा नंबर म्हणजे माणूस नव्हे!

धडगावकडची एक आदिवासी भगिनी सुरतच्या एका अपार्टमेंटमध्ये धुणीभांडी करीत होती. मालकिणीचे दागिने गेले आणि तिसऱ्या दिवशी हिच्यावर गुन्हा दाखल झाला. पुरावा कोणता? पाहणारा साक्षीदार नाही, झडतीत काही सापडले नाही. सोसायटीने पोलिसांना कॉम्प्युटरमधून काढलेला एक कागद दिला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अमुक नंबरच्या टॅगने लिफ्टजवळचे दार उघडले, अशी त्यावर नोंद होती आणि तो टॅग हिच्या नावावर होता. झाले! मशीन खोटे बोलत नाही, या एका वाक्यावर तिला आत टाकण्यात आले. तिचा भाऊ तो कागद घेऊन नंदुरबार कोर्टात माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, तेव्हा खरे सांगायचे तर हा टॅग काय प्रकार आहे हे मलाही धड ठाऊक नव्हते. म्हणून आधी तो समजून घेतला.

हा टॅग चावीच्या जुडग्यात अडकवण्याइतका लहान, प्लॅस्टिकचा असतो. त्यात सेल नसतो. आत तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे आणि एक चिप असते. दाराशेजारच्या डबीसमोर धरला की डबीतून येणाऱ्या लहरींवर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. तो नंबर यादीत असला की दार उघडते. आपल्याकडच्या इमारतींत सर्रास बसवलेले १२५ किलोहर्ट्झचे साधे टॅग हा नंबर उघडपणे, कोणत्याही गुप्त खुणेशिवाय सांगतात. जो विचारील त्याला सांगतात. शिवाय त्याच प्रणालीला चालतील असे कोरे टॅग बाजारात मिळतात आणि त्यांवर हवा तो नंबर लिहिता येतो, पुसता येतो, पुन्हा लिहिता येतो. नातेवाइकाच्या इमारतीचा टॅग त्याच्या संमतीने घेऊन मी सुरतच्या एका चावीवाल्याकडे गेलो. चहा येईपर्यंत त्याने दुसरा करून दिला. कोण, कुठला, काहीही विचारले नाही. दोन्ही टॅगनी दार उघडले आणि मशीनमध्ये दोन्ही वेळा एकच नाव उमटले!

महागड्या टॅगचीही फार फुशारकी नको. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मायफेअर क्लासिक या जगभर खपलेल्या कार्डाची गुप्तलिपी नेदरलँड्समधील नायमेखनच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये फोडून दाखवली. त्यानंतरची डेसफायरसारखी पक्की कार्डे आहेत, पण ती बसवायला पैसे लागतात. कामवाल्या बाईच्या टॅगवर कोण खर्च करतो?

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला नंबराची ओळख जुनी आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. आधारवर शंभर आक्षेप घ्या, जरूर घ्या. परंतु तिथे निदान बोटाचा ठसा तरी मागतात. हा टॅग बोट पाहत नाही, चेहरा पाहत नाही. तो वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये असो, मालकिणीच्या मुलाच्या खिशात असो, दार उघडतेच. मग आरोपी मात्र यादीत जिचे नाव तीच, हा कोणता न्याय?

आणि ही यादी कोण करतो? सोसायटीची कमिटी आणि तिचा मशीनवाला. कामवालीचा टॅग सकाळी सात ते अकराच चालावा, पुढच्या लिफ्टला चालू नये, मागच्याच लिफ्टला चालावा, हे सारे त्या यादीत भरता येते आणि भरले जाते. मशीनला जात कळत नाही म्हणून कुणी खूश होऊ नये. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा पारशी धर्मशाळेत शिरण्यासाठी त्यांना नोंदवहीत पारशी नाव घालावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्या वहीलाही जात कळत नव्हती. वहीबाहेरच्यांना कळत होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हजेरी आणि पास लादून अख्ख्या जमातींना जन्मतः संशयित ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण चोरी झाली की आधी कुणाची झडती घ्यायची, हे अजून ठरलेलेच आहे.

आता कायद्याचे. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुन्या कलम ६५ ब ची जागा आता कलम ६३ ने घेतली आहे. मशीनच्या नोंदीची छापील प्रत नुसती पुढे सरकवून चालत नाही, तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग नोंद देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात जुन्या कायद्याखाली स्पष्ट केले होते. पण प्रमाणपत्र आणले तरी सिद्ध काय होते? त्या वेळी तो नंबर वाचला गेला, एवढेच. तो कुणाच्या हातात होता हे सिद्ध करायचे ओझे सरकार पक्षावरच राहते. आमचे अनेक वकील मित्र इथेच गप्प बसतात. कॉम्प्युटरचा कागद पाहिला की उलटतपासणी दोन प्रश्नांत आटोपतात.

कामासाठी सुरत, नाशिक, मुंबई गाठणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी टॅग घेताना त्यावरचा नंबर आणि तारीख लिहून घ्यावी. काम सोडताना तो परत केल्याची पोच घ्यावी. टॅग हरवला तर त्याच दिवशी लेखी कळवावे, कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. वॉचमन 'इथेच ठेवून जा' म्हणाला तर तेही लिहून ठेवावे. पकडले गेल्यास विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागावा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीतील माणसाला तो मोफत मिळतो. उत्पन्नाचा दाखला आडवा येत नाही.

आमच्या भगिनीला जामीन मिळाला आहे. सुरतच्या वकिलांमार्फत आम्ही अर्ज दिला आहे: त्या इमारतीत आजवर किती टॅग दिले, किती परत आले, एकाच नंबरचे किती निघाले आणि यादीत बदल करण्याचा पासवर्ड कुणाकुणाकडे होता, याची माहिती सोसायटीने कोर्टात द्यावी. पुढच्या दोन तारखांना सोसायटीतर्फे कुणीही आले नाही.