टर्बोचा दाब कुणाच्या हाती?

वाचकहो, आपली कितीतरी मुले गॅरेजात काम करतात. एखादा हौशी गाडीमालक त्यांच्यापुढे पितळेची छोटी झडप ठेवतो : 'ही बसव, गाडी पळाली पाहिजे!' काम थोड्या वेळाचे. पण ती झडप काय करते, हे आधी ठाऊक असावे.

टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त मिळाली की पेट्रोलही जास्त जाळता येते, ताकद वाढते. हा दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाचे दार असते. टर्बोचा दाब एका रबरी नळीतून पडद्यावर येतो, स्प्रिंग दबते, दार उघडते आणि जादा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो.

पितळी झडप बसते ती या नळीत. स्क्रू पिळला की पडद्याला दाब कमी पोचतो, दार उशिरा उघडते. वस्तू साधी, स्वस्त. जुन्या गाडीवर जाणत्या हाताने बसवली तर कामही चांगले देते, हे मान्य केले पाहिजे. पण स्क्रूला कळत काहीच नाही. पेट्रोल हलके असो, भर उन्हात घाट चढायचा असो, तो तेवढाच दाब देतो. मग पेट्रोल अवेळी भडकते, टकटक सुरू होते (गॅरेजात नॉकिंग म्हणतात ते) आणि पिस्टन फुटतो. फुटला की भाषा होते ती पोराचा पगार कापायची.

स्वीडनच्या साब कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी यावर तोड काढली. इंजिनाच्या ब्लॉकवर टकटक ओळखणारा सेन्सर बसवला. टकटक झाली की विजेची झडप दाब उतरवते, थांबली की पुन्हा वाढवते. या भरवशावर इंजिनाचे कॉम्प्रेशन ७.२ वरून ८.५ वर नेता आले. आजच्या टर्बो-पेट्रोल गाड्यांत हे काम संगणक करतो.

अशा गाडीत पितळी झडप घातली तर एका दाराला दोन धनी होतात. संगणकाला दाब जास्त दिसतो, तो इंधन तोडतो किंवा ताकद उतरवतो. वॉरंटीवरही गदा येऊ शकते. तेव्हा मुलांनो, गाडी संगणकाची असेल तर मालकाला सरळ नाही म्हणा. जुनी असेल तर दाबाचा काटा लावल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका, आणि नळीच्या क्लिपा दोनदा तपासा. नळी निसटली तर दार उघडतच नाही.