दुखणं बरं झाल्यावर नव्हे, दुखण्यासकट सुरुवात करा

नाशिकला व्यायामाचं वेड आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. पण हा पराक्रम साठीतल्या, शुगर आणि गुडघेदुखी सांभाळणाऱ्या माणसाचा मापदंड होऊ शकत नाही. असा माणूस कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आला, की त्याच्या कानावर हमखास दोन सल्ले पडतात. एक, ‘आधी बरे व्हा, मग व्यायामाचं बघा.’ दुसरा, ‘करायचं तर दणकून करा, महिन्यात दहा किलो उतरवा.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

पहिला सल्ला काळजीपोटी दिला जातो, म्हणूनच तो जास्त घातक आहे. गुडघा दुखतो म्हणून माणूस बसून राहतो. बसल्याने मांडीचे स्नायू कमजोर होतात, वजन वाढतं आणि सगळा भार पुन्हा त्याच गुडघ्यावर येतो. एक किलो वजन उतरलं, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. थोडी हालचालही अजिबात नसण्यापेक्षा बरी, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

‘पण चालताना काही झालं तर?’ ही शंका रास्त आहे. छातीत दुखणं, चक्कर, थोड्याशा श्रमाने धाप, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरच गाठावेत. मात्र एरवी धोका असतो तो सवय नसताना एकदम जोर करण्यात, सावकाश चालण्यात नाही.

दुसऱ्या सल्ल्यातला जोर नेमका तोच आहे. रोज दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रातून तो रूढ झाला. वयस्कर स्त्रियांच्या २०१९ मधील अमेरिकी अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. वजन उतरवण्याच्या घाईचेही तोटे आहेत. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. इन्सुलिन किंवा शुगर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने जेवण बंद केलं, तर जिवावर बेतू शकतं.

यावर तिसरा आक्षेप येतो: ‘एवढं चालून काटा हलतच नाही, मग उपयोग काय?’ याचं उत्तर चेन्नईच्या अभ्यासाने २००६ मध्येच दिलं आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि व्यायाम सुधारला. त्यांचं वजन फारसं उतरलं नाही, तरी मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला.

मग करायचं काय? सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चाला. पांडवलेणीच्या पायऱ्या सध्या राहू द्या. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. आठवड्यातून दोनदा भक्कम खुर्चीतून उठबस करा: खुर्ची भिंतीला टेकवा, पावलं खांद्याएवढी फाकवा, उठताना श्वास सोडा, बसताना सावकाश बसा. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. मधुमेह असेल तर खिशात साखर ठेवा आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांसह तळवे आरशात पाहा. बधिर पायाला झालेली जखम कळत नाही, म्हणून श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरीसुद्धा अनवाणी करू नका. देव बूट घातल्याने कोपत नाही. ताटात भाकरी अर्धी कमी करा आणि उसळ वाढवा. मिसळ खायचीच तर मटकी जास्त, फरसाण कमी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी-उसळींचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. ऐंशी किलोंच्या माणसाने चार ते आठ किलो घटवले, तरी शुगर आणि रक्तदाबात फरक दिसतो.

शहरातल्या डॉक्टरांना एक विनंती आहे. ‘चालत जा’ एवढं तोंडी सांगून रुग्णाला परत पाठवू नका. किती मिनिटं, कोणत्या वेगाने, केव्हा थांबायचं, हे गोळ्यांखाली लिहून द्या. आणि वाचकहो, पुढच्या तपासणीला जाल तेव्हा हे स्वतःहून मागून घ्या. व्यायाम हा बरं झाल्याचं बक्षीस नाही, तो उपचाराचाच भाग आहे.